अपडेटनंतर कॉम्प्युटर चालू होत नाही? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

रात्री दुकान बंद करताना 'अपडेट अँड शट डाउन' दाबलं आणि सकाळी मशीन उठलंच नाही. फोन बेळगावच्या गणपत गल्लीतून येवो, खानापुरातून येवो की निपाणीतून, पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'काल रात्रीपर्यंत बरं होतं की!' दुसरंही ठरलेलं: 'फॉरमॅट मारायला लागेल काय?' बहुतेक वेळा लागत नाही. अपडेटमुळे मशीन कायमचं निकामी होणं विरळाच. घाईनं मारलेल्या फॉरमॅटमुळे टॅलीचे हिशेब, लग्नपत्रिकांच्या फायली आणि पोरांचे फोटो जाणं मात्र नेहमीचं.

खालचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे. लिनक्सवाल्यांसाठी शेवटाकडे चार ओळी आहेत.

आधी लक्षण ओळखा

'चालू होत नाही' या तीन शब्दांत निदान सहा-सात वेगळे बिघाड लपलेले असतात. पडद्यावर जे दिसतंय त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि खालच्यापैकी कुठलं जुळतं ते बघा.

- दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही. हा विजेचा प्रश्न. विंडोजचा इथे संबंधच नाही.
- पंखा फिरतो, पण पडदा काळा, कंपनीचा लोगोही येत नाही. संशय रॅमवर, डिस्प्लेच्या केबलवर किंवा बायोसवर (मशीन चालू होताच विंडोजच्या आधी उठणारा बोर्डावरचा प्रोग्राम).
- लोगो येतो, मग काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' अशा अर्थाची ओळ. डिस्क सापडत नाही किंवा मशीन भलत्याच डिस्कवर विंडोज शोधतंय.
- निळा पडदा आणि 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. डिस्क आहे, पण विंडोजला तिच्यापर्यंत पोचता येत नाही. बायोसमधली सेटिंग किंवा ड्रायव्हर (मशीनचा एखादा भाग विंडोजला चालवता यावा म्हणून असलेलं छोटं सॉफ्टवेअर).
- 'वर्किंग ऑन अपडेट्स' एका टक्क्यावर थिजलंय, किंवा 'अनडूइंग चेंजेस', पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा तेच. हे खरं अपडेटचं दुखणं.
- निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागतंय. हा बिटलॉकर, म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेलं कुलूप. मशीन बिघडलेलंच नाही.
- विंडोज येतं, पण पासवर्ड घेत नाही. किंवा लॉगिन केल्यावर काळा पडदा आणि नुसता माउसचा बाण.

आळ अपडेटवर, चोर भलताच

विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय बहुतेक मशीनवर चालूच असते. तुम्ही रोज 'शट डाउन' करता तेव्हा विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. तो डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तिथूनच उचलला जातो. अपडेट मात्र पूर्ण रीस्टार्ट मागतं. म्हणजे महिनोन्‌महिने रोज 'बंद' होणाऱ्या मशीनची पहिली खरी परीक्षा अपडेटच्या रात्री होते. खिळखिळी रॅम, मरायला टेकलेली हार्ड डिस्क, बायोसचा संपलेला सेल, पुष्कळदा त्याच सकाळी उघडं पडतं आणि दोष अपडेटच्या माथी जातो. म्हणून खालच्या क्रमात फुकटच्या आणि स्वस्तातल्या तपासण्या आधी घेतल्या आहेत. विंडोजला हात लावायची पाळी नंतर.

मायक्रोसॉफ्टचं मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेतून सुटतं. आपल्याकडे ते मंगळवारी रात्री किंवा बुधवारी पोचतं. बिघाड त्या दोन-चार दिवसांतला असेल तर अपडेटवरचा संशय वाजवी आहे. महिनाअखेरीला झाला असेल तर तेवढा नाही.

१. हात बांधून बसा

टक्केवारी हलत नाही म्हणून बटण दाबून मशीन बंद करणं, हीच अर्ध्या बिघाडांची सुरुवात असते. जुन्या हार्ड डिस्कवर मोठं अपडेट बसायला दोन-तीन तास सहज लागतात. एसएसडी असेल तर एक तास पुरे. कॅबिनेटवरचा डिस्कचा छोटा दिवा बघा. अधूनमधून लुकलुकत असेल तर काम चालू आहे, चहा घेऊन या. दिवा अर्धा तास विझलेला किंवा एकसारखा पेटलेला असेल आणि तीन तास उलटून गेले असतील, तरच पुढं जा.

ब्रँडेड लॅपटॉपला विंडोज अपडेटमधून कधीकधी बायोसचंही अपडेट येतं. तेव्हा पंखा जोरात फिरतो, पडदा काही मिनिटं पूर्ण काळा राहतो आणि मशीन आपोआप दोन-तीनदा रीस्टार्ट होतं. या वेळी बटण दाबलं तर बोर्डावरची बायोसची चिप अर्धवट लिहिलेली राहते. ते दुरुस्त करणं विंडोज दुरुस्त करण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं.

डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर भिस्त ठेवू नका. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसची बॅटरी नवी असताना दहा-पंधरा मिनिटं काढते, दोन-तीन वर्षांनी तीही नाही. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीच्या बाजूला लाईट गेली की कधी येईल ते कुणी सांगत नाही. अपडेट दिवसा, लाईट स्थिर असताना मारावं. लॅपटॉपला चार्जर लावलेला असावा.

२. वायरी, प्लग, मॉनिटर

हसू नका. यूपीएसचं बटण, भिंतीवरचा स्विच, कॅबिनेटच्या मागं एसएमपीएसवर (मशीनला वीज पुरवणारा डबा) असलेला छोटा काळा स्विच, मॉनिटरची स्वतःची पॉवर, हे सगळं एकदा बघा. यूपीएस वगळून सरळ भिंतीच्या सॉकेटला लावून बघा.

मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डालाच हवी, बोर्डाच्या पोर्टला नको. अपडेटनं डिस्प्लेचा ड्रायव्हर बदलला की आधी चालणारा पोर्ट मुका होऊ शकतो. दुसरी केबल, दुसरा पोर्ट, जमल्यास घरातला टीव्ही लावून बघा.

३. यूएसबीला लावलेलं सगळं काढा

फक्त कीबोर्ड आणि माउस ठेवा. पेन ड्राइव्ह, प्रिंटर, कार्ड रीडर, डिजिटल सहीचा टोकन, ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रातलं बोटाचे ठसे घेणारं यंत्र, सगळं बाहेर. मशीन पेन ड्राइव्हवर विंडोज शोधत बसतं किंवा एखाद्या यंत्राचा जुना ड्रायव्हर नव्या अपडेटशी भांडतो. 'नो बूटेबल डिव्हाइस'ची बरीच प्रकरणं विसरलेल्या पेन ड्राइव्हवरच मिटतात.

४. पूर्ण डिस्चार्ज

पॉवर केबल काढा. लॅपटॉपची बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढा. पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. मग केबल लावून चालू करा. बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये उरलेला विद्युतभार निघून जातो आणि अडकलेला कंट्रोलर नव्यानं सुरू होतो. हे जादूटोण्यासारखं वाटतं, पण पंखा फिरतोय आणि पडदा काळा, या लक्षणावर बऱ्यापैकी लागू पडतं.

५. पासवर्ड घेत नाही? कोपऱ्यातली भाषा बघा

आपल्या भागातली ही खास भानगड. एकाच मशीनवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तीन कीबोर्ड टाकलेले असतात. अपडेटनंतर लॉगिनच्या पडद्यावर भलताच कीबोर्ड पुढं येऊन बसतो. पासवर्डच्या रकान्यात नुसते ठिपके दिसतात, त्यामुळं आपण कन्नडमध्ये टाइप करतोय हे कळतच नाही. खालच्या उजव्या कोपऱ्यात भाषेचं चिन्ह असतं. तिथं दाबून किंवा विंडोजचं बटण धरून स्पेसबार मारून इंग्रजी आणा. पासवर्डच्या रकान्याच्या टोकाला डोळ्याचं चित्र असतं, ते दाबून ठेवलं की काय उमटतंय ते दिसतं.

लॉगिननंतर काळा पडदा आणि बाण असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. डिस्प्लेचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. तरी काही नाही तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. टास्क मॅनेजर उघडला तर त्यातून नवीन टास्क म्हणून 'एक्सप्लोरर' चालवा. डेस्कटॉप आला तर विंडोज जिवंत आहे, आधी डेटा कॉपी करून घ्या.

६. बिटलॉकरची किल्ली

नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. मालकाला पत्ताही नसतो. बायोस किंवा सुरक्षेच्या चिपमध्ये अपडेटनं काही हलवलं की मशीन किल्ली मागतं. मे २०२५ च्या विंडोज १० च्या अपडेटनं इंटेलच्या ठरावीक सुरक्षा सोयीच्या मशीनवर नेमकं हेच केलं होतं आणि मायक्रोसॉफ्टला घाईनं दुसरं अपडेट काढावं लागलं.

किल्ली ४८ आकड्यांची असते, सहा-सहाचे आठ गट. पडद्यावर किल्लीची ओळख दिलेली असते, तिची पहिली आठ अक्षरं लिहून घ्या. मोबाइलवर मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, 'डिव्हाइसेस'मध्ये रिकव्हरी कीची यादी असते, ओळख जुळवा आणि आकडे टाका. खातं कुणाचं, इथं खरी गंमत आहे. लॅपटॉप घेताना दुकानदारानं स्वतःच्या किंवा तात्पुरत्या ई-मेलनं विंडोज चालू करून दिलेलं असतं. किल्ली त्या खात्यात पडलेली असते. आधी त्याला फोन करा. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या ई-मेलनं लॉगिन असेल तर त्यांच्या कॉम्प्युटर विभागाकडे.

किल्ली नसेल तर डेटा मिळत नाही. 'मी तोडून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

मशीन बिटलॉकरचं असण्याची शंका असेल तर किल्ली हातात आल्याशिवाय पुढच्या बायोसच्या पायरीला जाऊ नका. तिथला एक बदलही किल्ली मागायला पुरेसा असतो.

७. बायोस आणि ५० रुपयांचा सेल

चालू करताच बायोसचं बटण ठोकत राहा. डेस्कटॉप बोर्डांना बहुधा डिलीट, डेल आणि बऱ्याच लेनोवोंना एफ२, एचपीला एफ१०. आत गेलं की पहिल्यांदा तारीख बघा. तारीख चार-आठ वर्षं मागं गेली असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. हा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल पन्नासभर रुपयांत घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळतो. मल्टिमीटरवर २.८ च्या खाली दाखवत असेल तर बदला.

सेलमुळे विंडोज कसं अडेल, असं वाटेल. सेल मेला आणि लाईट गेली की बायोस आपल्या सगळ्या सेटिंग विसरतं आणि कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जातं. त्यात काही बोर्डांवर साटाची, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या जोडणीची, पद्धत एएचसीआयवरून आयडीई किंवा रेड होते. विंडोज एएचसीआयवर बसवलेलं असतं, त्याला डिस्कच उघडता येत नाही आणि निळ्या पडद्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' येतं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर हाच खेळ व्हीएमडी नावाची सेटिंग करते. बायोसचं अपडेट झालं की सेल ठणठणीत असूनही या सेटिंग बदलू शकतात.

बघायच्या गोष्टी तीन: डिस्कचं नाव यादीत दिसतंय का, साटाची किंवा व्हीएमडीची पद्धत कुठली आहे, आणि बूट, म्हणजे मशीन उठवायची पद्धत, यूईएफआय (नवी) आहे की लेगसी (जुनी). आधी आहे त्या पडद्याचा फोटो घ्या. मग एकच गोष्ट बदला, सेव्ह करून बघा. फरक नाही पडला तर ती पूर्ववत करून दुसरी बदला. तिन्ही एकदम फिरवल्या की काय कशानं झालं ते कुणालाच कळत नाही.

डिस्कचं नावच दिसत नसेल तर मशीन बंद करून डिस्कची डेटा आणि पॉवरची वायर काढून परत लावा. साटाची वायर स्वस्त असते, बदलून बघायला हरकत नाही. तरीही नाव नाही, किंवा डिस्कमधून टक-टक आवाज येतोय? इथंच थांबा. खाली 'इथं हात आखडा' हा भाग वाचा.

८. रॅम

पंखा फिरतो, पडदा काळा, किंवा बीप वाजते, तेव्हा रॅम. घाटाखालच्या पावसाळी हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काट चढते. निपाणीच्या वखारींजवळच्या मशीनमध्ये तंबाखूची बारीक धूळ खाचेत बसते.

केबल काढा, पॉवरचं बटण दाबून भार उतरवा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. दोन्ही बाजूच्या खिट्ट्या उघडून रॅम काढा. सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरानं हळू घासा, रबराचा चुरा ब्रशनं झटका. पॉलिश पेपर अजिबात नको, सोन्याचा मुलामाच निघून जातो. खाच कोरड्या ब्रशनं साफ करा. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे कण जातात. परत बसवताना दोन्ही टोकांना 'टक्‌' असा आवाज यायला हवा. एका बाजूनं अर्धवट बसलेली रॅम हाच पुष्कळदा मूळ आजार असतो.

दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. डीडीआर५ च्या नव्या मशीनवर रॅम किंवा सेल काढल्यावर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं पडदा काळाच राहतो. बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो. तेवढं थांबा.

९. आता विंडोज

लोगो येतो आणि विंडोज अडतं, एवढं नक्की झालं की दुरुस्तीच्या मेनूत शिरायचं. लोगोखाली गोल फिरणारे ठिपके आले की पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून मशीन बंद करा. असं दोनदा करा. तिसऱ्यांदा चालू केलं की 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर' येतं. त्यातून 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग स्क्रू ड्रायव्हर-पान्याचं चित्र असलेलं 'ट्रबलशूट', परत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'.

मेनू आला, पण कीबोर्ड-माउस मेल्यासारखे? ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनं विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ या आवृत्त्यांत हा घोळ घातला होता. नेमक्या या दुरुस्तीच्या मेनूत यूएसबीचे कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. २० ऑक्टोबरला तातडीचं अपडेट आलं, पण जे मशीन त्याआधी अडकलं त्याला ते मिळणार कसं? जुन्या डेस्कटॉपला मागं गोल पोर्ट असेल तर गोल पिनचा कीबोर्ड लावा, तो चालतो. नसेल तर पेन ड्राइव्हवरून शिरा, ते पुढं दिलंय.

मेनूतल्या गोष्टी या क्रमानं करा.

'स्टार्टअप रिपेअर' आधी. यात डेटाला धक्का लागत नाही. एकदा 'जमलं नाही' म्हणालं तरी आणखी एकदा चालवा.

मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. इथं दोन पर्याय असतात. 'क्वालिटी अपडेट' म्हणजे महिन्याचं छोटं, ते आधी काढा. 'फीचर अपडेट' म्हणजे विंडोजची नवी आवृत्ती. ती बसल्यापासून साधारण १० दिवसांतच काढता येते, नंतर विंडोज जुन्या फायली स्वतःच पुसून टाकतं. मशीन चालू झालं की सेटिंगमध्ये जाऊन अपडेट काही आठवडे थांबवून ठेवा, नाहीतर तेच अपडेट रात्रीत परत येऊन बसेल.

मग 'स्टार्टअप सेटिंग्स', रीस्टार्ट, आणि यादी आली की ४ चं बटण. हा सेफ मोड. यात विंडोज फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर घेऊन उठतं. पिन चालला नाही तर खात्याचा मूळ पासवर्ड लागतो. सेफ मोडमध्ये मशीन नीट चालत असेल तर विंडोज ठीक आहे, गुन्हेगार बाहेरचा आहे: डिस्प्लेचा ड्रायव्हर, बाहेरचा अँटिव्हायरस, प्रिंटरचं सॉफ्टवेअर. डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर 'रोल बॅक' करा, अँटिव्हायरस काढा, साधं रीस्टार्ट करा. १९ जुलै २०२४ ला जगभर निळे पडदे आले आणि विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहावे लागले, तेव्हाही अपडेट विंडोजचं नव्हतं, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं होतं. त्यावर इलाजही असाच होता. सेफ मोडमध्ये जायचं आणि एक फाइल पुसायची.

'सिस्टम रिस्टोअर' हा चौथा. आधीचा रिस्टोअर पॉइंट असेल तरच उपयोग. तुमची कागदपत्रं जातात असा गैरसमज आहे, जात नाहीत. नंतर बसवलेली सॉफ्टवेअर मात्र जातात.

१०. आज्ञा टाइप करण्याआधी डेटा बाहेर काढा

इथून पुढं चूक महागात पडते. त्याच मेनूत 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा, 'नोटपॅड' हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर मारा. नोटपॅड उघडतं. त्यात फाइल, ओपन, आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडा. ही खिडकी म्हणजे छोटा एक्सप्लोररच आहे. पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावून फोल्डरवर उजवी क्लिक, कॉपी, पेस्ट. प्रगतीची पट्टी दिसत नाही, खिडकी थिजल्यासारखी वाटते. डिस्कचा दिवा बघत थांबा.

काय उचलायचं? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स. टॅलीप्राइमचा डेटा बहुधा युजर्समधल्या पब्लिक फोल्डरमध्ये असतो, आत १०००० सारख्या आकडी नावांचे फोल्डर, ते सगळे. डीटीपीवाल्यांनी विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डरही घ्यावा. श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली पत्रिका तोच फॉन्ट नसेल तर उघडताच इंग्रजी अक्षरांची भेळ होते.

याच खिडकीत विंडोज कुठल्या अक्षराच्या ड्राइव्हवर आहे तेही बघून घ्या. दुरुस्तीच्या मेनूत नेहमीचा सी कधीकधी डी होतो. चुकीच्या अक्षरावर आज्ञा चालवली की काहीच दुरुस्त होत नाही.

'अनडूइंग चेंजेस'च्या फेऱ्यात अडकलेल्या मशीनवर अर्धवट अपडेट रद्द करायची आज्ञा सगळ्यात कामाची. फोनवर सांगतात तशी सांगतो, सगळी अक्षरं इंग्रजी: डी-आय-एस-एम, मोकळी जागा, तिरपी रेघ, इमेज, कोलन, सी, कोलन, उलटी तिरपी रेघ, मोकळी जागा, तिरपी रेघ, क्लीनअप, छोटी आडवी रेघ, इमेज, मोकळी जागा, तिरपी रेघ, आणि शेवटी रिव्हर्ट-पेंडिंग-ॲक्शन्स हे तीन शब्द सलग, मध्ये रेघ न घालता. दहा-वीस मिनिटं घेते. मग रीस्टार्ट.

बूटच्या फायली गेल्या असतील तर बी-सी-डी-बूट, मोकळी जागा, सी, कोलन, उलटी तिरपी रेघ, विंडोज. ही आज्ञा विंडोजच्या फोल्डरमधून बूटच्या फायली नव्यानं लिहिते.

चेक-डिस्क घाईनं चालवू नका. मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कला ती तासन्‌तास घासायला लावते आणि उरलासुरला डेटाही नेते. डेटा बाहेर आल्यावर खुशाल चालवा.

११. मेनूच येत नसेल तर पेन ड्राइव्ह

दुसऱ्या चालू मशीनवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल उतरवा आणि निदान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज तयार करा. पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. बूट मेनूचं बटण डेल, लेनोवो, गिगाबाइटला एफ१२, एचपीला एफ९, एमएसआयला एफ११. पेन ड्राइव्ह निवडा, पण 'इन्स्टॉल' दाबू नका. 'रिपेअर' म्हणणारा पर्याय शोधा, साधारण वरचाच मेनू मिळतो, पण त्यातले सगळे पर्याय असतीलच असं नाही.

इथंही जमलं नाही आणि मशीनच्या स्वतःच्या मेनूत शिरता येत असेल तर तिथून 'रीसेट धिस पीसी', 'कीप माय फाइल्स'. युजरच्या फोल्डरमधलं राहतं, सगळी सॉफ्टवेअर जातात. सी ड्राइव्हवर थेट टाकलेले फोल्डर राहतील असं धरून चालू नका.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. त्यानंतर जुन्या आणि सेकंड हँड मशीनवर जुगाड करून विंडोज ११ मारण्याची लाट आली. कोअर टू ड्युओच्या मशीनवर २४एच२ पासूनची आवृत्ती उठतच नाही, कारण तिला लागणाऱ्या काही सूचना त्या प्रोसेसरमध्ये नाहीतच. लोगो येतो, रीस्टार्ट, परत लोगो. त्यावर रिपेअर करत बसू नका, जुनी आवृत्ती किंवा लिनक्स टाका. 'लाइट' म्हणून मिळणाऱ्या कापून-छाटून केलेल्या विंडोजमध्ये बऱ्याचदा दुरुस्तीचा मेनूच काढलेला असतो, तिथं पेन ड्राइव्हशिवाय इलाज नाही.

लिनक्स: उबुंटू किंवा मिंट अपडेटनंतर अडलं तर चालू होताना शिफ्ट किंवा एस्केप धरा, ग्रबच्या (काय सुरू करायचं ते विचारणाऱ्या) यादीतून 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', त्यात आधीचा कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडा. उठलं की बूटचं विभाजन भरलंय का ते बघा, जुने कर्नल काढा. उबुंटूचा लाइव्ह पेन ड्राइव्ह विंडोजच्या मशीनमधला डेटा काढायलाही उत्तम. ड्राइव्ह 'फक्त वाचता येईल' म्हणून उघडला तर घाबरू नका, फास्ट स्टार्टअपमुळे तसं होतं. कॉपी करायला तेवढं पुरतं.

इथं हात आखडा

टक-टक करणारी किंवा मध्येच फिरायची थांबणारी हार्ड डिस्क. वीज तोडा, परत चालू करू नका. प्रत्येक चालू करण्यागणिक आतलं डोकं तबकडी खरवडतं. गल्लीतल्या दुकानात डिस्क उघडू देऊ नका. ती धूळमुक्त खोलीतच उघडायची असते.

फुगलेली लॅपटॉपची बॅटरी, जळका वास, आत सांडलेला चहा. बंदच ठेवा.

एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहतो. तो बदलायचा असतो, घरी दुरुस्त करायचा नसतो.

बायोसच्या अपडेटनंतर काळा पडदा. एचपीवर विंडोज आणि बी धरून पॉवरचं बटण दाबायचं. डेलच्या लॅपटॉपवर कंट्रोल आणि एस्केप धरून चार्जर लावायचा. बऱ्याच मॉडेलवर यातून बायोस परत बसतं. नाही बसलं तर चिप बाहेरून लिहावी लागते, त्याला प्रोग्रामर यंत्र आणि ते वापरणारा हात लागतो.

वॉरंटीतलं मशीन खोलू नका. आणि टॅलीचा बॅकअप नसेल, वर्षअखेर तोंडावर असेल, तर दहाव्या पायरीला स्वतः हात घालू नका.

मशीन दुरुस्तीला देताना पडद्याचा फोटो आणि काय-काय करून झालं त्याची यादी सोबत द्या, माणसाचा तास वाचतो आणि तुमचे पैसे. पावतीवर मॉडेल आणि सीरियल नंबर, डिस्क किती जीबीची, रॅम किती आणि किती पट्ट्या, हे लिहून घ्या. आणि त्याखाली मोठ्या अक्षरात: 'डेटा हवा आहे. विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नये.'